बिनटाक्याचं

सोनोग्राफीच्या खोलीत पाटी आहे :
'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.'
मी एकावन्न वर्षांची,
पुढे केलाय फक्त उजवा हात, तळवा वर.
तरी दोनदा वाचली.

मागच्या खेपेला पाटी अशीच होती.
असाच गार चिकट जेल, पोटावर,
आणि डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतलेला.
आज डॉक्टर भोंडवे तो माझ्याकडे वळवतात.
"ही बघा, तुमची नस."

करड्या अंधारात मधाच्या पोळ्याचा तुकडा,
कुणीतरी वरून दाबून चपटा केलेला.
"बोटं मिटा, उघडा."
आजूबाजूच्या दोऱ्या सरसर ये-जा करतात
आणि ही मधोमध,
बोहरी आळीत दोन हातगाड्यांमध्ये अडकलेल्या बाईसारखी
पिशवी छातीशी धरून.
नस. म्हणजे ती.
झालं की मग निदान, मी म्हणाले.
डॉक्टर हसल्या, पण मान वर न करता.

सव्वीस वर्षं फॉल-बिडिंग.
रविवार पेठेत मॅचिंग सेंटरच्या मागे, जिन्याखाली.
साडीला अडीच मीटर हातशिलाई,
आणि टाका उजव्या बाजूला दिसला
तर मजुरी कापतात.
आधी अंगठा गेला.
मग त्याच्या शेजारचं, मग मधलं,
आणि अनामिकेची अर्धी बाजू.
अर्धीच. खडूनं आखून घेतल्यासारखी.
करंगळी तेवढी जागी,
ती तशीही कुठल्या कामात नव्हती.
रात्री तीनला उठून हात झटकायचा,
थर्मामीटर झटकतात तसा.
सुया हातातून कधी पडायच्या, कळायचं नाही.
संध्याकाळी रेहाना फरशीवरून चुंबक फिरवायची,
तेव्हा मोजायच्या.

"चिरायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या,
"सुईनं करू. सुईनं आणि दोऱ्यानं."
दोऱ्यानं?
मनगटाशी एक भोक, तळहातावर एक.
दोरा पट्ट्याखालून गेला, पट्ट्यावरून परत आला,
दोन्ही टोकं एकाच भोकातून बाहेर.
पडद्यावर सगळं दिसत होतं,
सुईचं टोक पांढरं, नस चार पावलं बाजूला,
आणि डॉक्टरांचा श्वास, तो ऐकू येत होता.
मग ओढ, सोड. ओढ, सोड.
भूल दिलेली होती, दुखलं नाही.
पण आतून करकर जाणवत होती,
जुन्या पोत्याची शिवण उसवताना येते तशी.

आई धुण्याच्या साबणाची लांब वडी
दोऱ्यानंच कापायची,
एक टोक दातात, एक हातात.
मी विसरलेच होते.
इतक्या साड्यांमध्ये मला वाटायला लागलं होतं
की दोरा फक्त जोडतो.

"झालं."
"आणि टाके?"
"लागत नाहीत याला."
दोन ठिपके, एक चिकटपट्टी.
मी पट्टी जरा उचलून पाहिली, खोटं वाटून.
सुबक काम होतं. मजुरी कापण्यासारखं काही नाही.

बाहेर काउंटरवर कागद पुढे सरकवला :
शकुंतला पोरे, वय ५१, व्यवसाय गृहिणी.
मला कुणी विचारलं नव्हतं.
पेन मागितलं, डाव्या हातात धरलं,
खोडलं, आणि वर लिहिलं : शिवणकाम.
अक्षरं बालवाडीतली, 'ण'चा काना घसरत खाली गेलेला.
मुलगी म्हणाली, मावशी, सिस्टिममध्ये तेच राहणार.
राहू दे.

नळ स्टॉपला बस पाऊण तास आली नाही.

रात्री तीनला सवयीनं जाग आली.
झटकायला हात वर केला
आणि झटकण्यासारखं काही सापडेना.
बोटं दुखत होती थोडी, पण माझी होती.
हात तसाच वर राहिला,
वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.
कुणी प्रश्न विचारला नाही.

सकाळी रेहानाचा फोन.
दुखलं का, आणि किती घेतले?
दुखलं नाही म्हटलं. आकडा सांगितला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
पलीकडून नुसता खरखर आवाज,
फोन या कानाचा त्या कानाला जात होता,
हात बदलत,
पुन्हा बदलत.